आरपार दिसेपर्यंत

कॅन्टीनचा आचारी जन्मभर चाखत आला. पातेलं चढलं की पळी वर, थेंब तळहातावर, जीभ बाहेर. हात आपोआप चाले, डोक्याला पत्ताही नसे. आतड्याच्या तपासणीच्या आदल्या दिवशीही तो कामावर गेला. दिवसभर उपाशी राहिला खरा, पण टोमॅटोचा रस्सा सवयीने चाखतच होता. दुसऱ्या दिवशी आतड्यात दुर्बीण घातली, तर डॉक्टरांना काय दिसलं? बिया!

"अहो काका, हे पोट आहे की परसबाग?" डॉक्टर नाकातून बोलले. "यामागे गाठ लपली असली तर मला दिसणार कशी? पुन्हा यावं लागेल."

गाठ म्हटल्यावर त्याचं धाबं दणाणलं. शौचावाटे रक्त पडत होतं, आणि थोरला भाऊ याच दुखण्याने गेला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

या खेपेला बायकोने त्याला घरातच डांबलं. स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली तिच्या मुठीत. एक खुर्ची आणि एक संडास, संपलं त्याचं राज्य. पोट साफ करायच्या औषधाचं अर्धं पाणी काल संध्याकाळी पोटात गेलं. उरलेलं आज सकाळी घोटघोट चाललं होतं.

"मीठ जास्त झालंय! आणि लिंबू नुसतं नावाला!"

"तुमचं मत कोणी मागितलंय? प्या मुकाट्याने!"

पाण्याचा अर्धा जग संपतो न संपतो तोच तो पुन्हा आत पळाला. पाठीला भिंत, गुडघ्याला दार. बाहेरून बायको ओरडली, "अहो, सिस्टरचा फोन आहे! रंग विचारतायत!"

"रंग काय विचारता? पातळ झालंय की!"

बायकोने सिस्टरचा गोड आवाज हुबेहूब काढला, "नुस्तं पातळ नको हं काका, फिकट पिवळं हवं, आरपार दिसणारं!"

आणखी एक घोट घेतला तर सगळं उलटून पडेल असं त्याला वाटत होतं. 'साफ आहे' म्हटलं की सुटका. त्याने वाकून पाहिलं. तपकिरी पाणी, त्यात कण. भाऊही शेवटपर्यंत सगळ्यांना हेच सांगत राहिला होता, काही नाही रे, मी ठणठणीत आहे.

"गढूळ आहे," तो म्हणाला.

बाहेर फोनवर कुजबुज झाली. "सिस्टर म्हणतात, बरं झालं खरं बोललात. जग संपवा, वर साधं पाणी. तरी नाहीच साफ झालं तर दवाखान्यात गेल्यावर बघतील."

दार किलकिलं झालं. फटीतून बायकोचा हात आला, हातात जग. आचाऱ्याने जग घेतला आणि कडी आतून स्वतःच लावली.