नडगीवरची एक जागा

नाशिकच्या थंडीचं बाहेरचे लोक फार कौतुक करतात. त्यांना एकदा डिसेंबरात सकाळी सव्वासहाला गंगापूर रोडला उभं करायला हवं. नाक जागेवर आहे की नाही, हे हात लावून बघावं लागतं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी या थंडीत रोज धावायला जात होते आणि लोकांना वाटायचं, बाईची जिद्द दांडगी आहे. जिद्द वगैरे काही नव्हती. मी गेले नाही तर समोरच्या इमारतीतल्या भाभी जाणार नाहीत, एवढंच कारण होतं.

भाभी शिवणकाम करतात. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा तापाने गेला. सातपूरला कारखान्यात कामाला होता. डेंग्यू आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर भाभींच्या मशीनवर चादर पडली ती सात-आठ महिने निघाली नाही. त्या खाली यायच्या बंद झाल्या. माझ्या गॅलरीसमोरच त्यांची खिडकी, त्यामुळे ती झाकलेली मशीन मला रोज दिसायची.

मी त्यांना घराबाहेर काढलं, असं सोसायटीत म्हणतात. खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची भीती वाटते. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून चालायला सांगितलं होतं आणि मला सोबत हवी होती. भाभी पहाटेच्या नमाजला उठलेल्या असायच्या, म्हणून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाणार असाल तर येते, ताई. एकटीनं नाही होणार माझ्याच्यानं."

फोन केला तर दोन्ही घरं उठतात. म्हणून असं ठरलं की मी गॅलरीतला दिवा लावायचा आणि तो दिसला की त्यांनी खाली यायचं. थंडीत त्यांची नमाज उशिरा असते, त्यामुळे आमची वेळही पुढे सरकायची. ज्या दिवशी दिवा लागला नाही, त्या दिवशी त्या खाली आल्या नाहीत. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा त्या दिवसभर दारसुद्धा उघडेनात, आणि मी मनाशी ठरवलं की आता काही झालं तरी दिवा लावायचाच.

चालण्याचं धावणं कधी झालं ते आठवत नाही. सलवार-कुर्त्यावर मुलाचं जुनं जॅकेट आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ अशा वेशात भाभी धावायच्या. खिशात खजूर असायचे. अर्ध्या वाटेवर दोन मला, दोन त्यांना. पहिल्यांदा न थांबता पाच किलोमीटर धावलो त्या आठवड्यात मशीनवरची चादर निघाली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मशीनचा आवाज ऐकून हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले आणि रडले.

मग अंगात आलं. जानेवारीअखेरच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत आम्ही दोघींनी नावं घातली. मी लगेच मास्तरीण झाले. थंडीत स्नायू आखडतात, आधी दहा मिनिटं चाला. तहान लागली नाही तरी पाणी प्या. एकदम अंतर वाढवू नका. घाम गार व्हायच्या आत कोरडं घाला. कुठे दुखलं तर त्याच दिवशी थांबा. भाभी सगळं निमूट ऐकायच्या आणि तंतोतंत पाळायच्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला माझ्या डाव्या नडगीवर एक जागा दुखायला लागली. बोटाच्या पेराएवढीच. आधी धावून झाल्यावर दुखायची, मग धावताना, मग जिना उतरतानाही. मला त्याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. पण थांबायचं म्हणजे दिवा लावायचा नाही, आणि दिवा नाही म्हणजे पुन्हा ती चादर. मी दुखण्यावरच्या गोळ्या आणल्या. निघण्याआधी बिस्किटासोबत एक घ्यायची आणि खाली उतरायचं. नवरा एकदा म्हणाला, "तू लंगडतेयस." मी म्हटलं, "नवीन बूट आहेत." बूट दीड वर्षं जुने होते. त्यालाही ते ठाऊक होतं, पण माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तो लग्नानंतर वर्षभरातच शिकला आहे.

तीन आठवडे हे असं चाललं. मग एका रविवारी आम्ही लांबचं अंतर धरलं, गंगापूर गावाच्याही पुढे. गारठा एवढा होता की द्राक्षबागांतून शेतकऱ्यांनी शेकोट्या पेटवल्या होत्या. घड वाचावेत म्हणून सगळ्या बागेत धूर धरलेला. तो रस्त्यावरही उतरला होता आणि भाभी माझ्या चार पावलं पुढे त्यात अंधुक दिसत होत्या. एका मोरीपाशी मी पाय टेकला आणि तो टेकलाच नाही. कळ डोक्यापर्यंत गेली. मी कठड्यावर बसले.

भाभी परत आल्या. मी दोन्ही हातांनी नडगी धरून बसले होते. माझ्या नवऱ्याला गाडी घेऊन बोलवावं म्हणून फोन काढायला त्यांनी माझ्या जॅकेटच्या खिशात हात घातला आणि फोनसोबत गोळ्यांचं पाकीट बाहेर आलं. दहातल्या दोनच शिल्लक होत्या. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचं थांबवलं असतंत, भाभी."

 त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता असा होता. "माझा मुलगाही असंच करायचा. चार दिवस अंगात ताप. मी विचारलं की म्हणायचा, अम्मी, गोली ली है, ठीक हूँ. डबा घेऊन ड्युटीला जायचा. मी घाबरेन म्हणून. मला सांभाळत होता." त्यांनी ते पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मला सांभाळायला?"

 ज्या गोष्टीने त्यांचं घर मोडलं होतं, तीच मी त्यांच्या शेजारी धावत रोज करत होते, आणि वर स्वतःला चांगली समजत होते. नवऱ्याची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी धुरात बसून राहिलो. त्या दिवशी खजूर कोणी काढले नाहीत.

हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी पायाला आधाराचा बूट बांधला आणि निदान सहा आठवडे धावायचं नाव काढू नका म्हणाले. पहिल्या आठवड्यात थांबला असतात तर एवढ्यावर आलं नसतं, हेही त्यांनी ऐकवलं.

चार दिवस भाभी आल्या नाहीत. रोज सकाळी मला सवयीने जाग यायची. मी दिवा न लावता गॅलरीच्या दाराशी बसायची आणि त्यांच्या खिडकीकडे बघायची. उजेड व्हायचा, नमाज झाली की मालवायचा. मशीन वाजत नव्हती. पायापेक्षा मला त्याचंच जास्त लागत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात भाभी, जॅकेट आणि स्कार्फसकट. आत येऊन माझ्यासमोर खुर्चीत बसल्या आणि पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दुखतंय?"

"छे, आता काही नाही," मी म्हटलं. तोंडाला तीच सवय.

त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. त्या उंबऱ्यापाशी पोहोचल्या तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"दुखतंय, भाभी. खूप दुखतंय. रात्री कूस बदलता येत नाही."

त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बस, एवढं एकदा बोलला असता तो." मग परत येऊन बसल्या, माझा पाय उशीवर नीट ठेवला आणि आम्ही दोघींनी रडून घेतलं. नवरा चहा घेऊन आला आणि तसाच आत गेला.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि खाली उतरल्या. मी गॅलरीत येईपर्यंत त्या गेटबाहेर पडल्या होत्या. एकट्याच.

त्यानंतर त्यांनी नवीच पद्धत पाडली. रोज निघताना पार्किंगमध्ये उभं राहून वर बघायच्या आणि विचारायच्या, "ताई, दुखतंय का?" मी तिसऱ्या मजल्यावरून खरं ते सांगायची. "आज कमी आहे." "आज ठणकतंय." सगळ्या सोसायटीला माझ्या नडगीची खबर असायची. उत्तर मिळाल्याशिवाय त्या पाऊल उचलत नव्हत्या. शर्यतही त्या एकट्याच धावल्या. मला हेवा वाटला. तेही मी सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, नुसती मान हलवली.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी खालून विचारलं आणि मी म्हटलं, "आज नाही दुखत."

त्या हलल्या नाहीत. मग जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला. तीन मजले चढून वर आल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि नडगीवरच्या नेमक्या त्या जागेवर अंगठा दाबून धरला. बघत मात्र माझ्या चेहऱ्याकडे होत्या, पायाकडे नाही. मीही नजर हलवली नाही.

"सच?"

"सच, भाभी."

आणखी थोडा वेळ त्यांनी अंगठा तसाच ठेवला. मग खिशातून दोन खजूर काढून माझ्या हातावर ठेवले आणि धावायला गेल्या.