बहुमत निघून गेलं चार वाजता

मी सातवीपर्यंतच शिकलेली, पण वाचायचं वेड भारी. मुलाकडे अमेरिकेत ट्रॉयला राहायला आले तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी रशियन क्रांतीवरचं एक जाडजूड मराठी पुस्तक होतं. दर शनिवारी दुपारी आम्ही नऊ जणी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचो. प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणायचा आणि मी एक प्रकरण वाचायचं.

त्या दिवशी फाटाफुटीचं प्रकरण होतं. रशियातल्या समाजवाद्यांची परदेशात सभा भरली आणि वाद कशावरून, तर सभासद कोणाला म्हणायचं! एक गट म्हणे, जो स्वतः संघटनेत राबेल तोच. दुसरा म्हणे, हातभार लावेल तोही. आधी दुसऱ्यांची सरशी झाली. मग काही जण रागावून उठून गेले आणि पहिल्यांना थोडक्यात बहुमत मिळालं. लगेच ते झाले बोल्शेविक, म्हणजे बहुमतवाले. उरलेले बिचारे मेन्शेविक.

मी पुस्तक मिटलं तशा पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, “बरोबरच आहे पहिल्यांचं. आपल्यातही काही जणी नुसत्या खायला येतात.”

सगळ्यांनी नागपूरच्या ताईंकडे बघितलं. ताई माझी मैत्रीण. दोन्ही खांदे धरलेले, स्वतःची वेणी घालता येत नव्हती, वडे कुठून तळणार? लेक-जावई दिवसभर कामावर, त्यामुळे आठवड्यात मराठी बोलणं व्हायचं ते शनिवारीच. हातातला अर्धा वडा त्यांनी बशीत ठेवला.

“अहो, त्यांचा खांदा...” मी म्हटलं.

“नियम म्हणजे नियम. घ्या मत. करेल तीच सभासद.”

मी मनात डोकी मोजली. आमच्या पाच, त्यांच्या चार. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चार वाजले होते! आमच्यातल्या दोघी ताडकन उठल्या.

“अहो, मत देऊन जा!”

“मुलगा गाडीत थांबलाय हो!” बूट चढवता चढवता एक म्हणाली. राइड आली की आमच्यातली एकही मिनिटभर थांबत नाही.

“हात वर करा,” वहिनी म्हणाल्या. ताईंचा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून तो मोजलाच नाही. चार विरुद्ध दोन!

“जाऊ द्या न बाप्पा,” ताई हसून म्हणाल्या, “नाही येणार मी.” पण कोटाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागला.

मला काही चैन पडेना. पुढच्या शनिवारी बैठक माझ्याकडे होती. मी ताईंना हट्टाने बोलावलं. त्या दोघींच्या मुलांना फोन केला, “साडेतीनलाच या. गाडी बंद करून आत या. गरम भजी आहेत.”

पोरं आली, खायला बसली. आता मुलगा जेवत असताना कोणती आई उठेल? चार वाजून गेले तरी दोघी त्यांना वाढतच होत्या.

“पुन्हा मत! ताई हव्यात त्यांनी हात वर करा,” मी म्हटलं.

“हे काय आता?” वहिनी म्हणाल्या. पण तोंडात भजं होतं, जोर नव्हता.

चार हात वर गेले. ताईंचा मी कोपराला धरून उचलला.

“ओय ओय! मोजा न लवकर!”

वहिनींनी मोजले. पाच. मग मुकाट्याने भज्यांची बशी ताईंपुढे सरकवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्या पुस्तकातलं पुढचं प्रकरण काही वाचू नका.”