जांभळ्या दिव्यावरची चादर

मुलीनं स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर चादर टाकलेली पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. त्याच्या काचेच्या कॅबिनेटमध्ये तिनं हौसेनं जांभळा दिवा लावलाय. काल माझे दीर बघून म्हणाले, "वहिनी, यातून अतिनील किरण येतात. पोरीचे डोळे जातील, कातडी जळेल." झालं! नवऱ्यानं लगेच चादर टाकली. आत पंखा घुसमटून घरघरतोय, त्याचं कुणाला काही नाही.

अहो, एवढ्याशा दिव्यातून येऊन येऊन किती किरण येणार? त्याच्याकडे टक लावून बघत बसू नये, बस्स. पण पोरीनं स्वतःच्या हातानं काही जोडलं, की तेच नेमकं आपल्याला घातक वाटायला लागतं.

"पोर कुठंय?" मी विचारलं.

"गच्चीवर. वाळवण राखतेय," पेपरातून मान वर न करता नवरा म्हणाला.

मी वर गेले. मे महिन्यातली भर दुपार. त्या दिव्याच्या कितीतरी पट अतिनील किरण तिथं उन्हातून बदाबदा कोसळत होते. धूळ बसू नये म्हणून पापडांवर मलमल पांघरली होती. शेजारी पोर उघड्या डोक्यानं बसली होती.

मी खाली आले, कॉम्प्युटरवरची चादर खसकन ओढली आणि वर जाऊन पोरीच्या डोक्यावर धरून उभी राहिले.