वाळूत थांबायचं नसतं

परभणीहून निघालो तो चिडूनच. वाळूत चालवायची आहे, सस्पेन्शन जरा मऊ कर, असं गॅरेजवाल्याला दोनदा सांगितलं होतं. रस्त्यावर गाडी डुलेल म्हणत त्या शहाण्याने कडकच ठेवलं. सोनपेठ येईपर्यंत मी हेल्मेटच्या आत त्याला शिव्या घालत होतो.

गोदावरीच्या कोरड्या पात्रात उतरलो आणि सगळं स्वतः केलं. सस्पेन्शनचा स्क्रू सैल केला, टायरमधली हवा जवळजवळ निम्मी काढली. मऊ टायर वाळूवर पसरतो, फुगलेला रुततो. वाळू उपसणाऱ्यांनी पात्राची चाळण केली होती. त्यांच्या खड्ड्यांत तीनदा आपटलो आणि त्यांचाही उद्धार केला.

चौथ्यांदा जमलं. फुटरेस्टवर उभं राहायचं, वजन मागे टाकायचं आणि काही झालं तरी थ्रॉटल सोडायचा नाही. थांबलं की चाक गेलंच खाली.

तेवढ्यात समोर एक म्हातारी दोन्ही हात हलवू लागली. मागे तिची मेंढरं. आली आणखी एक अडवायला, असं म्हणून मी उलट वेग वाढवला. पुढचं चाक बाभळीच्या फांद्यांवर चढलं, फांद्या मोडल्या आणि मी गाडीसकट पाण्यात पडलो. तो तिचा झिरा (पाण्यासाठी वाळूत उकरलेला खड्डा) होता. जनावरांनी तुडवू नये म्हणून तिने तो झाकला होता. आता पाण्यावर पेट्रोलचा तवंग पसरत होता.

ती ओरडली नाही. "म्या हात करायले अन् तुमी आणिकच पळवायले," ती म्हणाली. "मेंढरं सकाळधरनं बिनपाण्याची हायेत."

मला तिचाच राग आला, आणि त्या रागाची लाज वाटली. गाडी ओढून बाहेर काढली आणि तिच्या हातातलं घमेलं घेतलं. तिने वरच्या अंगाला, बरंच लांब, जागा दाखवली. उन्हात कमरेइतकं उकरलं तेव्हा ओल लागली. गढूळ पाणी उपसून फेकायचं, पुन्हा साचू द्यायचं, पुन्हा फेकायचं. मेंढरं ओरडत होती. ती त्यांना काठीने मागे रेटत होती.

शेवटी नितळ पाणी आलं. तिने तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

"आधी तुमी प्या."

मी प्यालो. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने मेंढरं सोडली.

परतताना टायरमध्ये हवा भरली, सस्पेन्शन पुन्हा कडक केलं. परभणीपर्यंत गाडी जराही डुलली नाही. हेल्मेटच्या आत शिव्या चालूच होत्या, पण त्या ज्याला द्यायच्या तो हँडल धरून बसला होता.