चार नंबरचा माइक

“चार नंबर म्यूट कर आणि ट्रॅक वर घे,” ब्रॅड माझ्या खांद्यामागून म्हणाला.

चार नंबर म्हणजे डेक्लनचा माइक. डेक्लन त्या वेळी स्टेजवर उभा राहून लिंबू पिळलेलं गरम पाणी पीत होता. माझं लक्ष गेलं तसा त्याने हात हलवला. मीही हलवला.

“त्याला माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही. माहीत असायची गरजही नाही.”

मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या थिएटरमध्ये साउंड इंजिनिअर आहे. हॉलच्या मागच्या बाजूला मोठा मिक्सर घेऊन जी बाई बसलेली असते, ती मी. प्रत्येक माइकचा आवाज त्या मिक्सरवर येतो. कोणाचा किती, हे मी ठरवते. प्रत्येकाच्या नावाची एक वर-खाली सरकणारी पट्टी असते आणि तिच्यावर एक म्यूटचं बटण. दाबलं की तो माणूस हॉलपुरता संपला. एमएस करून ही बाई माइक लावते, याचं वेस्ट विंडसरमधल्या आमच्या मित्रमंडळींना अजून वाईट वाटतं. पण मराठी मंडळाचा कार्यक्रम आला की सगळ्यांना माझी आठवण येते. “शुभा, जरा इको वाढव गं,” म्हणणारे एक काका तर दर वर्षी असतात.

तर हा ग्रुप आयर्लंडचा. नाव सांगत नाही. चौघं जण: डेक्लन, त्याची बहीण मोइरा आणि त्यांच्याच गल्लीतले दोघं मित्र. शाळेच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, सुरुवात झाली आणि विशीत असताना त्यांचं एक गाणं असं काही गाजलं की अमेरिकेतसुद्धा लग्नांत वाजायचं. मग पोस्टर्स, स्टेडियम, भांडणं, मोठी विश्रांती आणि आता साठीच्या आसपास पुन्हा टूर. मार्च महिन्यात आयरिश सणाच्या निमित्ताने इथले आयरिश आजी-आजोबा हौसेने घराबाहेर पडतात, तेव्हा आमच्यासारख्या थिएटरांत त्यांचे दुपारचे शो लागतात.

हे लोक हार्मनी गातात. आपण आरतीला पन्नास जण असलो तरी चाल एकच असते. यांच्यात चौघं चार वेगळ्या सुरांवर एकाच वेळी गातात आणि चारांचा मिळून एक आवाज होतो. एक जरी काढला तरी इमारत कलते. त्यात सगळ्यात वरचा आवाज डेक्लनचा. आदल्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज परत आला, पण वरचा मजला काही परत आला नाही.

म्हणून टूरच्या निर्मात्याने ब्रॅडला नेमलं होतं. ब्रॅड टूर मॅनेजर, अमेरिकन, नवाकोरा. त्याने एका तरुण गायकाकडून डेक्लनचा भाग स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतला होता. त्या गाजलेल्या गाण्यात डेक्लनचा माइक बंद करायचा आणि लॅपटॉपमधून हा दुसरा आवाज सोडायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ट्रॅक वाजवणं हा गुन्हा नाही. व्हायोलिनवाल्यांची अख्खी रांग टूरवर कोण नेणार? ती लॅपटॉपमधून येते आणि कोणाचं काही बिघडत नाही. एखाद्या गायकाने सांगितलं की आज घसा बसलाय, मदत करा, तर तेही मी करते. पण माणूस समोर उभा राहून जीव तोडून गातोय आणि त्याच्या तोंडून दुसऱ्याचा आवाज काढायचा, तोही त्याला न सांगता? त्याला शुद्ध मराठीत फसवणूक म्हणतात.

आणि ती पकडली जाऊ नये याची सोयही होती. गायकांच्या कानात इअरपीस असतात. त्यांत जाणारा आवाज स्टेजच्या बाजूच्या वेगळ्या मिक्सरवरून येतो. म्हणजे डेक्लनच्या कानात डेक्लनच गाणार आणि हॉलमध्ये भलताच कोणी. टाळ्या पडल्या की हा बिचारा वाकून नमस्कार करणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सरळ नीलच्या ऑफिसात गेले. नील आमचा जनरल मॅनेजर, म्हणजे माझा बॉस. जन्म इथल्याच एडिसन गावचा. त्याची आई माझी मैत्रीण, त्यामुळे मीटिंगमध्ये तो मला शुभा म्हणतो आणि दार बंद असलं की मावशी.

“मावशी, इट्स देअर शो,” तो म्हणाला. “साउंडचा कॉल त्यांचा आहे. वन साँग, यार. जस्ट डू इट.”

“त्या माणसाला माहीत नाहीये, नील.”

“दॅट्स बिटवीन देम.”

“बटण माझ्या हाताखाली आहे. बिटवीन देम कसं?”

नीलने कपाळ चोळलं. “आय नो, मावशी. पण सगळा हॉल सोल्ड आऊट आहे. प्लीज, डोन्ट ब्लो इट अप.”

मी परत आले आणि ब्रॅडला म्हटलं, “बटण तुझं तू दाब.” त्याला वाटलं, मी नखरे करतेय. खांदे उडवून त्याने दाबलं. चार नंबरवर लाल दिवा लागला. टूरचा हा पहिलाच शो होता. साउंड चेक, म्हणजे शोआधीची चाचणी, सुरू झाली.

आता ब्रॅडला जे ठाऊक नव्हतं ते सांगते. मलाही ते नंतर मोइराने सांगितलं. पहिली रेकॉर्ड झाली तेव्हा डेक्लनला दमा होता. त्या गाण्याची शेवटची ओळ फार लांब आहे आणि ती त्याला एका श्वासात पुरायची नाही. तो एका शब्दाच्या मधोमध थांबून श्वास घ्यायचा. उरलेले तिघं तेवढ्यात आपले सूर जरा ताणून धरायचे, म्हणजे मधलं भोक दिसायचं नाही. ते इतकं बेमालूम झाकलेलं आहे की रेकॉर्ड ऐकून बाहेरच्या माणसाला कळत नाही. पुढे दमा गेला, सवय राहिली. आणखी एक सवय म्हणजे त्या ओळीला चौघं इअरपीस काढून टाकतात आणि खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ते म्हणतात, इथे मशीन नको, एकमेकांना ऐकू दे.

त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. शेवटची ओळ आली, इअरपीस निघाले, चौघं जवळ आले. ठरलेल्या जागी तिघांनी सूर ताणले आणि डेक्लनने तोंड मिटून श्वास घेतला.

पण हॉलमध्ये डेक्लनच्या वाट्याचा आवाज गातच राहिला. तरुण, गुळगुळीत, न थांबता.

तिघं एकदम गप्प झाले. मागे साथीला बसलेला ड्रमर थांबला. तो परका आवाज एकटाच ओळ पुरी करून मोकळा झाला. मोइराने भावाकडे पाहिलं आणि तिच्या माइकवरून सगळ्या हॉलला ऐकू आलं, “डेक्लन, हे कोण गायलं?”

डेक्लन माइकजवळ येऊन काहीतरी बोलला. ओठ हलले, आवाज नाही. त्याने माइकवर टिचकी मारली. तरी काही नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

ब्रॅड म्हणाला, “हात लावू नकोस.” मी लाल दिवा विझवला.

“...माझा माइक चालू आहे का?” डेक्लन विचारत होता.

“आता आहे,” मी टॉकबॅकवरून, म्हणजे स्टेजशी बोलायच्या माझ्या माइकवरून, सांगितलं. “ब्रॅडने बंद केला होता. तुमच्या जागी रेकॉर्डिंग चालू होतं.”

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बहुतेक मोइराच बोलत होती. ब्रॅडचं एकच पालुपद. लोक रेकॉर्डसारखं ऐकायला येतात. गडबड ऐकून नीलही खाली आला. मला वाटलं, डेक्लन आता ब्रॅडच्या अंगावर धावून जाईल. मी असते तर गेले असते. तो मात्र स्टेजच्या पायरीवर बसला.

“इतकं वाईट गातो मी?” त्याने विचारलं. लगेच स्वतःच म्हणाला, “ट्रॅकच ठेवा मग. मी हॉटेलवर जातो.”

याचा मला जास्त राग आला. चोरी पकडली गेली आणि लाज कोणाला वाटावी, तर ज्याच्या घरी चोरी झाली त्याला!

नील त्याच्यासमोर उकिडवा बसला. “सर, तुम्हाला स्वतःला काय हवंय?” त्या दिवशी डेक्लनला हे विचारणारा तो पहिला माणूस.

“गायचंय,” डेक्लन म्हणाला. “पण ती वरची जागा आता माझी नाही.”

“मग ती मी घेते,” मोइरा म्हणाली. “तू माझी घे. तुला ती पाठ आहे. जन्मभर माझ्या शेजारी उभं राहून ऐकतोयस.”

नील उठला. “ब्रॅड, लॅपटॉपमधला आवाज आम्ही वापरणार नाही. निर्मात्यांना माझा नंबर दे.” मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, “आईला सांगू नकोस, मी आधी काय बोललो ते.”

त्यांनी गाणं खालच्या पट्टीत आणलं आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून जागांची अदलाबदल करून पाहिली. शोमध्ये ते रेकॉर्डसारखं मुळीच झालं नाही. खोल झालं, थोडं खरखरीत झालं. शेवटच्या ओळीत डेक्लन नवीन जागेवरूनसुद्धा जुन्याच ठिकाणी श्वासाला थांबला आणि तिघांनी सूर धरून ठेवले. मिक्सरवर हात ठेवून मी रडले, हे लिहायला मला लाज नाही. बाहेर पडताना एक आजी “पूर्वीसारखं नाही राहिलं” म्हणाल्या. खरंच होतं ते. त्या तरी कुठे पूर्वीसारख्या राहिल्या होत्या?

वायरी गुंडाळत होते तेव्हा डेक्लन मिक्सरपाशी आला. “कुठलं बटण ते?”

मी दाखवलं. त्याने त्याच्यावर बोट टेकवलं, दाबलं नाही.

“एवढंसंच?”

“एवढंसंच,” मी म्हटलं.

ब्रॅडने पुढे माझी तक्रार केली. त्या निर्मात्याचा शो आमच्याकडे पुन्हा आलेला नाही. मी मात्र तेव्हापासून एक नियम केलाय. कोणाचाही माइक बंद करायचा तर आधी त्याला जाऊन सांगायचं.

परवा मंडळात अध्यक्षकाकांचं भाषण संपता संपेना. जेवण थंड होत होतं. पोरं माझ्यामागे लागली, “मावशी, जस्ट म्यूट हिम, प्लीज!” मी उठले, स्टेजवर गेले आणि त्यांच्या कानात म्हणाले, “काका, माइक बंद करतेय.” त्यांनी मान डोलावली आणि माइकशिवाय पुढचं भाषण सुरू केलं.

करू देत. आपला आवाज कुठवर पोचतोय, हे निदान त्यांना ठाऊक होतं.