गाळातला खड्डा

बेटावरच्या रिसॉर्टचा कचरा कडूबाईच्या ताब्यात आहे. ‘ताब्यात’ हा तिचाच शब्द. “मी कचरा उचलत न्हाई, कचरा माझ्या ताब्यात हाय,” असं ती पाहुण्यांनासुद्धा ठणकावून सांगते. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव आईबापांनी ठेवलं. पण हिला दृष्ट लावायची छाती आहे कुणाची?

भंडारदऱ्याच्या पाण्यात मधोमध एक टेकाड आहे, त्यावर हे रिसॉर्ट उभं राहिलं. मेथीच्या जुडीपासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळं होडीनं येतं. येतं ते खरं, पण जातं कुठं? पाहुणे मजा करून हात हलवत निघून जातात आणि बाटल्या, पिशव्या, पोरांचे डायपर मागं राहतात. ओला कचरा कडूबाईनं खताच्या हौदात जिरवला. सुक्याला मात्र वाट नव्हती, कारण होडीवाला बन्सी. पायातल्या वहाणा काठावर काढल्याशिवाय तो होडीत कुणाला पाय ठेवू देत नाही, रोज सकाळी तिला उदबत्ती ओवाळतो. “लक्ष्मी हाय माझी. तिच्यात घान घालायची न्हाई,” म्हणाला, आणि विषय संपला.

म्हणून खड्डा घ्यायचं ठरलं. मॅनेजर पंकजा मॅडम केडगावच्या, इथं नवीन. त्यांनी कडूबाईलाच जागा विचारली आणि कडूबाईनं काठाकडं बोट दाखवलं. पाणी ओसरलं की तिथं मऊ गाळ उघडा पडतो. असल्या गाळात तिच्या सासरच्यांनी वर्षानुवर्षं हरभरा पेरला आणि पाणी परत चढायच्या आत घरी नेला. “कुदळ लोन्यात गेल्यावानी जाईल,” ती म्हणाली. गेलीही. खड्डा भरला, वर माती लोटली, सगळे निवांत झाले.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ती होडीतून बेटाकडं येत होती. धरणाचं पाणी चढायला लागलं होतं. ते कुठवर आलंय हे बघता बघता तिची नजर खड्ड्यावर गेली. अगं बाई! हरभऱ्याच्या वेळी पाणी परत चढतं हे घरातलं शेंबडं पोरही विसरलं नसतं. पण पीक काढून घ्यायचं असतं, कचरा पुरला की संपला, असंच तिच्या डोक्यात बसलेलं. आता गाळ सुटणार, सगळं वर येणार आणि तरंगत जाणार ते तिच्याच वाडीच्या पाणवठ्यावर. बाया हंडे भरतात तिथं!

“वरून दगड टाकू या का, मावशी?” पंकजा मॅडमनी विचारलं.

“दगडानं गाळ धरत न्हाई, मॅडम. जागा म्या दावली, उपसनार बी मीच.” आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणारी ती बाई नव्हेच.

वाडीतल्या बायका घेऊन तिनं खड्डा उपसायला काढला. पण उपसलेलं बेटाबाहेर न्यायचं कसं? ती तडक बन्सीकडं गेली. “मुडद्या, दिवाळीला तू केरसुनी पुजतोस का न्हाई? लक्ष्मीच म्हनतोस ना तिला?”

“केरसुनी निराळी, केर निराळा,” बन्सी म्हणाला. आता बोला!

कडूबाईनं पदर खोचला. म्हणाली, “बरं. केर आनत न्हाई तुझ्या होडीत.”

तिनं टब मांडले. बाटली न् बाटली, पिशवी न् पिशवी धुतली. ते पाणीसुद्धा धरणात जाऊ दिलं नाही, झाडांच्या आळ्यांत ओतलं. दोऱ्यांवर पिशव्या वाळत पडल्या. पाहुणे फोटो काढत होते, खाली पाणी रोज थोडं जवळ येत होतं आणि कडूबाई अंधार पडेपर्यंत धूत होती.

स्वच्छ पोती बांधून झाली. बन्सीनं एकेक पोतं हुंगलं, गालातल्या गालात हसला आणि होडीत रचू दिलं. पण मागं झाकणाचं निळं पिंप होतं. डायपर कसले धुवून निघतात! “हे न्हाई,” तो म्हणाला आणि पिंपाच्या वाटेत आडवाच उभा राहिला.

पाणी खड्ड्याच्या कडेला टेकलं होतं. कडूबाईचा आवाज चढला. “बन्सी, तुझी नात गेल्या जत्रंला ह्याच होडीत मुतली. तवा तुझी लक्ष्मी बाटली का रं? लेकराचंच हाय हे, कुनाचं का आसंना!”

काठावरच्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. बन्सीनं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते त्याचे. “लई वाईट तोंड हाय बया तुझं,” तो म्हणाला. मग खाली वाकला आणि पिंप स्वतःच उचलून होडीत ठेवलं. पलीकडच्या काठावर मॅडमनी बोलावलेला टेम्पो उभाच होता.

तेव्हापासून सामान आणणारी होडी कचरा घेऊनच परतते. पाहुण्यांनाही जाताना आपल्या बाटल्या सोबत न्याव्या लागतात. कडूबाई धक्क्यावर कमरेला हात लावून उभी असते.

खड्डा बुडाला त्या संध्याकाळी बन्सी तिला घरी सोडायला निघाला. बरोबर त्या जागेवर त्यानं वल्ही थांबवली. दोघांनी पाण्यात निरखून पाहिलं. एक चिंधीसुद्धा वर आली नव्हती. कडूबाईनं ओंजळ भरली आणि घटाघटा प्यायली.

“कसं लागतंय?” बन्सीनं विचारलं.

“पिऊन बघ की. माझ्या खड्ड्यावरचं हाय,” ती म्हणाली, आणि तिची मान ताठ झाली.

बन्सीनं वल्ही आत घेतली, वाकला आणि ओंजळ भरली.