माझ्या चेडवाचो आवाज

"ह्या पोरीला बाहेर ने. हिच्या आतून दुसरंच कोणीतरी बोलतंय."

सिस्टर हे माईकवर म्हणाली. सगळ्या हॉलने ऐकलं. माझ्या मुलीने नाही ऐकलं. ती जन्मापासून बहिरी. बोलत नाही, आवाज मात्र काढते. पोटातून येणारा, जाड, तुटका आवाज.

त्या रविवारी हॉलमध्ये सगळेच आवाज काढत होते. डोळे मिटलेले, हात वर, आणि तोंडातून कुणालाच न कळणारे शब्द. त्याला अन्य भाषा म्हणतात. पवित्र आत्मा उतरला की ती जिभेवर येते, माणूस थेट देवाशी बोलतो, असं आम्हाला शिकवलं होतं. मुलीने ते वर गेलेले हात बघितले. तिनेही हात वर केले. आवाज सोडला.

तिचा तेवढा सैतानाचा ठरला.

सिस्टर म्हणजे आमच्या ब्रदरची, प्रार्थना चालवणाऱ्या पाळकाची, बायको. मालवणच्या किनाऱ्यावर त्यांचं होमस्टे, वरच्या मजल्यावर प्रार्थनेचा हॉल. खालच्या स्वयंपाकघरात मी आणि शालन कामाला. मासे साफ करायचे, भांडी घासायची. मुलीचे कान उघडतील म्हणून मी वर जायला लागले. शालन आली माझ्या सोबतीला.

आणि भाषा मिळाली शालनला.

एका प्रार्थनेत ती थरथरली आणि तोंडातून शब्दांची धार लागली. बायका रडल्या. सिस्टरने तिला मिठी मारली. हीच सिस्टर आम्हाला म्हणायची, "लांबून दे, हाताला बांगड्याचा वास येतो." आता शालनचे तेच हात लोक डोक्यावर ठेवून घेऊ लागले. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर, मी मागे चटईवर. ती दुपारी सिस्टरच्या टेबलावर जेवायची. तिचं ताट मी घासायची.

मी जळले. सरळ सांगते, जळले. मासे कापताना सुरी काट्यावर आपटायची. शालनला मालवणी येत होती, पाहुण्यांशी बोलण्यापुरती हिंदी येत होती. तरी देवाने तिला अजून एक भाषा दिली. माझ्या मुलीला एकही नाही. तिला 'आई' म्हणता येत नाही. देवा, वाटायला एवढ्या भाषा आहेत तुझ्याकडे, तर भरल्या घरात कशाला ओततोस?

सिस्टरला विचारलं, "मला का मिळत नाही?"

"तुझ्या मनात मत्सर आहे. आत्मा घाणीत उतरत नाही."

मत्सर होताच. घाण म्हणाली ते लागलं.

मोरीवर शालनला विचारलं, "तू बोलतंस ता तुका तरी कळता?"

"नाय गो. कळाक व्हया असा नाय, सिस्टर म्हणता."

मला मात्र ब्रदरनेच एकदा वाचून दाखवलेलं आठवत होतं. पहिल्यांदा आत्मा उतरला तेव्हा देशोदेशीची माणसं जमली होती, आणि प्रत्येकाला ते बोलणं आपापल्या भाषेत कळलं. आणि पुढे कुठेतरी असंही होतं की अर्थ सांगणारा कोणी नसेल तर मंडळीत गप्प राहावं. ब्रदरने वाचलं आणि पान उलटलं. माझ्या डोक्यात ते राहिलं.

तर त्या रविवारी सिस्टरने माईकवरून सांगितलं तरी मी काही उठले नाही. मग सिस्टर स्वतः चटईपर्यंत आली. मुलीच्या तोंडावर तळवा दाबला. "येशूच्या नावाने निघ! निघ!" मुलगी गुदमरली. डोळे माझ्यावर.

मी सिस्टरचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. तिच्याशी मी नेहमी शुद्ध बोलायची. तेव्हा तोंडातून मालवणीच आली.

"हात काढा. माझ्या चेडवाचो आवाज माका कळता. बापाशीची होडी दिसली काय ता हात वर करून असोच आवाज काढता. 'बापूस इलो' म्हणता ता. इलो! आता तुमच्या बोलण्याचो अर्थ कोण सांगतलो? कोणतरी सांगा."

मी शालनकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

ब्रदर म्हणाला, "सिस्टरची माफी माग. नाहीतर उद्यापासून कामाला येऊ नकोस."

मी मुलीला कडेवर घेतलं आणि खुर्च्यांच्या मधून, सगळ्यांसमोरून चालत जिना उतरले. माफी मागितली नाही.

आता मी मासळी बाजारात बसते. शालन कधी दिसते, इस्त्रीच्या साडीत. अजून पोटात दुखतं. ती जिथे बसते तिथे बसायचं होतं मला, हे मी लपवत नाही. पण ज्या जागेसाठी मुलीचं तोंड दाबावं लागतं, ती जागा मला नको.

कणकवलीला एक बाई हातांची भाषा शिकवतात. मुलीबरोबर मीही शिकतेय. माझी बोटं जाड, सुरीच्या कापांनी भरलेली, लवकर वळत नाहीत. वळवणार. प्रार्थना मी सोडलेली नाही. पण भाषा वरून उतरायची वाट आता बघणार नाही. एसटी पकडून जाईन आणि आणीन. एकेक शब्द.